आईंचा जौनपुरी

माझ्या सासूबाई रेडिओवर शास्त्रीय गायच्या. लग्न ठरण्याआधी त्यांच्याबद्दल आमच्या घरी एवढीच माहिती पोचली होती आणि माझ्या वडिलांना ती पुरली. म्हणाले, "सकाळी तंबोरा लागतो त्या घरात. आपली पोरगी तिथं नांदेल."

नांदले मी. आई मूळच्या अंबाजोगाईच्या. मी त्यांना आईच म्हणते. त्या लग्न होऊन चिंचवडला आल्या तेव्हा सासरे पिंपरीत एका कंपनीत टर्नर होते. घर दोन खोल्यांचं, माणसं भरपूर, आणि गाणं शिकलेल्या सुनेचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सासऱ्यांचा पहिल्या शिफ्टचा डबा झाला की बाकीचे उठेपर्यंतचा वेळ आईंचा. तेवढ्यात त्यांनी रियाज टिकवला, रेडिओची ऑडिशन दिली, नापास झाल्या, पुन्हा दिली आणि पास झाल्या. मग वर्षातून एक-दोनदा रेकॉर्डिंगचं बोलावणं यायचं. त्या दिवशी सासरे रजा टाकायचे आणि तंबोरा सांभाळत लोकलने त्यांच्यासोबत पुण्याला जायचे. स्टुडिओत तंबोरा असायचाच, पण आईंना आपलाच लागे.

गाणं लागायचं त्या सकाळी सासरे चाळीत सगळ्यांना आधी सांगून ठेवत. मग खिडक्याखिडक्यांतून आईंचाच आवाज यायचा. सासरे स्वतः मात्र जिन्यात उभे राहून ऐकायचे. समोर बसून ऐकायची त्यांना लाज वाटायची म्हणे. हे सगळं मला आईंनीच सांगितलं. मी त्या घरात आले तोवर सासरे गेले होते, चाळ पाडून तिथे सोसायटी झाली होती आणि आई चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मुलींना गाणं शिकवत होत्या.

मी गाण्यातली नव्हे. मी चाकणला एका कंपनीत कामाला आहे. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये जो पडदा असतो, ज्यावर नकाशा दिसतो, फोन लागतो, रेडिओ वाजतो, तो आमच्याकडे जोडला जातो. मी तपासणीच्या टप्प्यावर असते. रेडिओचीही तपासणी मीच करते, साधा रेडिओ आणि डिजिटल रेडिओ, दोन्हींची. एका बंद पत्र्याच्या खोलीत वायरीतून सिग्नल येतो, एक बाई इंग्रजीत आकडे मोजते, पडद्यावर स्टेशनचं नाव उमटतं, मी बटण दाबते, युनिट पुढे सरकतं. बाहेरच्या हवेतला सिग्नल त्या खोलीत येतच नाही. इतकी वर्षं मी डिजिटल रेडिओ तपासते आहे, पण त्यावर खरा कार्यक्रम असा मी कधी ऐकला नव्हता.

दोनेक वर्षांपूर्वी आईंच्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडची. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि आवाजाची नस तिथूनच जाते, तेव्हा थोडा धोका राहतो, हेही स्पष्ट सांगितलं. आईंनी मान डोलावली. घरी आल्यावर पहिला फोन त्यांनी रेडिओला केला. "माझी तारीख जरा अलीकडं घेता का?" एवढंच म्हणाल्या, कारण सांगितलं नाही. तारीख मिळाली. सासऱ्यांच्या जागी या वेळी तंबोरा घेऊन मी गेले.

काचेपलीकडून मी त्यांना पहिल्यांदाच असं गाताना पाहिलं. जौनपुरी राग गायल्या. मला त्यातलं एवढंच कळलं की घरी गाताना त्यांचं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असायचं, तसं इथे नव्हतं. बाहेर आल्यावर रेकॉर्डिंगवाले साहेब म्हणाले, "बाई, छान झालं हो." लोकलमध्ये बसल्यावर आई म्हणाल्या, "घाई केली गं मी. सुरुवातीलाच. भ्यायले होते, त्यानं घाई झाली."

"मला नाही वाटली," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून हसल्या.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. शुद्धीवर आल्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या तेव्हा मला वाटलं, घशात नळी घातली होती म्हणून घसा बसला असेल. नर्सलाही तसंच वाटलं. पण आठवडे गेले तरी आवाज तसाच राहिला, कागदावर कागद घासल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, वाट बघू, काहींचा परत येतो. आवाजाचे व्यायाम सुरू झाले. एक तरुण मुलगी त्यांना समोर बसवून "आजी, आ म्हणा" म्हणायची. आई आ म्हणायच्या, नुसती हवा यायची. मी बाहेरच्या बाकावर बसून हे ऐकायचे आणि मोबाइलमध्ये काहीतरी वाचत असल्याचं दाखवायचे.

शिष्या काही दिवस येत राहिल्या. आई पेटीवर सूर धरून, हाताने दाखवून शिकवायच्या. पण गाणं गळ्यातून घ्यायचं असतं. मुलींच्या आया फोन करायच्या, "काकू, परीक्षा झाली की पाठवते हं." परीक्षा व्हायच्या, मुली यायच्या नाहीत. तंबोऱ्याला गवसणी चढली.

अशात एका दुपारी रेडिओवरून फोन आला. मी घेतला, स्पीकरवर टाकला. कार्यक्रम बघणारे अधिकारी होते. म्हणाले, "बाईंचं रेकॉर्डिंग लागतंय येत्या रविवारी. सकाळची सभा, नऊ वाजता."

आई सोफ्यावरून उठून माझ्याजवळ आल्या.

"नेहमीच्याच ठिकाणी ना?" मी विचारलं.

"नाही, शास्त्रीयची सभा आता आपल्या डिजिटल वाहिनीवर गेलीय. घरच्या नेहमीच्या सेटवर नाही येणार. डिजिटल सेट लागेल."

फोन ठेवल्यावर आईंनी त्या घासल्या आवाजात विचारलं, "डिजिटल म्हणजे कुठं लावायचं गं?"

"तुम्ही काळजीच सोडा," मी म्हटलं. "मी कंपनीत रोज तेच तर तपासते."

आईंचा चेहरा इतका मोकळा झाला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. आतापर्यंत माझ्या कामाचा आणि त्यांच्या गाण्याचा कुठे संबंध आला नव्हता, तो आता आला होता.

मोबाइलवर रेडिओचं ॲप होतं. त्यात देशभरची स्टेशनं होती, गुवाहाटीचं होतं, लेहचं होतं, ही वाहिनी नव्हती. पिंपरीत बाजारात गेले. दुकानदाराने मला आधी ब्लूटूथ स्पीकर दाखवले, मग देवळाच्या आकाराचा भजनांचा डबा दाखवला. डिजिटल रेडिओ म्हटल्यावर म्हणाला, "ताई, साधा रेडिओच कुणी मागत नाही, डिजिटल कुठून ठेवू?" ऑनलाइन एक सेट सापडला, पण तो रविवारच्या बऱ्याच नंतर पोचणार होता.

मग मी सुपरवायझरकडे गेले. चांगला माणूस आहे. म्हटलं, "सर, आपल्या टेस्टच्या गाडीत माझ्या सासूबाईंना अर्धा तास बसू द्याल का? रविवारी. त्यांचं गाणं आहे."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग डोकं खाजवत म्हणाले, "बाहेरचं माणूस त्या गाडीजवळ नेता येत नाही, तुम्हाला माहितीये. आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यालासुद्धा स्टिकर लावतात गेटवर. तरी विचारून बघतो वर." दुसऱ्या दिवशी लाइनवर लांबूनच त्यांनी मला मानेने नाही म्हणून सांगितलं. डब्याच्या सुट्टीत पुन्हा येऊन म्हणाले, "सॉरी हां. माझी आई असती तरी मला नसतं जमलं."

गाडी शेवटी सोसायटीतच मिळाली. तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहतं, त्यांचं कासारवाडीला टायरचं दुकान आहे. त्यांना आम्ही सगळे भाई म्हणतो. मूळचे जुन्नरकडचे. त्यांनी नवी गाडी घेतली होती, तिच्या पडद्याची जात मी लिफ्टमधल्या गप्पांवरूनच ओळखली. डिजिटल रेडिओ आहे हे त्यांनाच माहीत नव्हतं. "काकूंचं गानं?" भाई म्हणाले. "अवो ताई, विचारायचं काय त्यात? गाडी तुमचीच हाय."

शनिवारी आम्ही दोघांनी जागा शोधली. तळघरातल्या पार्किंगमध्ये काहीच आलं नाही. सोसायटीच्या गेटवरही नाही, समोर विजेच्या मोठ्या तारा आहेत. कासारवाडीवरून नदीचा पूल ओलांडला, पिंपळे गुरवच्या बाजूला एक मोकळं मैदान आहे, तिथे भाईंनी गाडी लावली. पडद्यावर वाहिनीचं नाव उमटलं आणि काही सेकंदांनी सतार वाजू लागली. खरखर नाही, काही नाही. स्टुडिओत बसल्यासारखी. भाई म्हणाले, "या अल्ला, काय साफ आवाज हाय!" मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. घरी येऊन आईंना सांगितलं, "सतारीच्या तारेवर बोट घासलेलं ऐकू येतं आई, इतकं स्वच्छ."

आईंनी रविवारी ठेवणीतली साडी नेसली. नवऱ्याला भोसरीत ओव्हरटाइम होता, तो जाताना आईंच्या पाया पडून गेला. अंबाजोगाईच्या आपल्या भावाला, जुन्या शिष्यांना आईंनी काही कळवलं नाही. कळवून तरी त्यांनी कुठे ऐकलं असतं? भाईंनी आईंना पुढच्या सीटवर बसवलं, मी मागे. मोबाइल रेकॉर्डिंगला तयार ठेवला.

आम्ही लवकर निघालो होतो. मैदानाशी पोचलो तर तिथे रातोरात मांडव पडलेला. कुणा भाऊंचा वाढदिवस, त्यानिमित्त आरोग्य शिबिर. मांडवाच्या कडेला ट्रकवर जनरेटर धडधडत होता. भाईंनी गाडी शक्य तितकी लांब, पार कुंपणापर्यंत नेली. पडद्यावर वाहिनीचं नाव यायचं आणि जायचं. आवाज येत नव्हता.

"काय झालं गं?" आईंनी विचारलं.

मला कारण नीट माहीत होतं. जनरेटरचा त्रास साध्या रेडिओला झाला असता तर खरखर आली असती, पण खरखरीतून गाणं ऐकू आलं असतं. डिजिटलला थोडं कमी, थोडं जास्त असं नसतं. पुरेसं पोचलं तर सगळं ऐकवतो, नाही तर गप्प बसतो. हे मी कंपनीत नव्या मुलींना समजावून सांगते. आईंना म्हटलं, "येईल आई, थांबा."

भाई उतरून मांडवात गेले. मी काच खाली केली. एका पोराशी ते बोलत होते, "भावा, अर्धा तास बंद ठेव ना जरा. आमच्या काकूंचं गानं लागनार हाय रेडिओवर." पोरगा उद्धट नव्हता. गाडीत बसलेल्या आईंकडे त्याने बघितलंही. म्हणाला, "चाचा, आत डोळ्यांचं मशीन त्याच्यावरच चालू आहे. लोक लाइनीत बसलेत." मांडवात खरंच म्हातारी माणसं खुर्च्यांवर ओळीने बसली होती. भाई परत आले.

नऊ वाजत आले होते. भाईंनी गाडी वळवली. पुलाकडे जाऊ, म्हणाले, तिथं मोकळं हाय. रविवार असूनही रस्ता तुंबलेला होता. आम्ही पुलाच्या तोंडाशी होतो तेव्हा आवाज एकदम आला. निवेदिका आईंचं नाव घेत होती. राग जौनपुरी, म्हणाली. साथीदारांची नावं सांगितली. मग तंबोरा, आमचाच तंबोरा, आणि त्यावर आईंचा आवाज.

त्या आवाजाला मी कितीतरी महिन्यांनी भेटत होते. भाईंनी गाडी पुलाच्या कडेला घेतली, चारी दिवे लुकलुकते केले. आई पडद्याकडे बघत होत्या. हात मांडीवर होता, बोटं किंचित हलत होती. मागून बस हॉर्न देऊ लागली. मग दुसरी. दुचाकीवाले वाकून बघत, काहीतरी बोलत जात होते. वाहतूक पोलीस आला आणि त्याने काचेवर टकटक केलं.

"पुलावर गाडी थांबवता? काढा, काढा पुढे."

"साहेब, दहा मिन्टं," भाई म्हणाले. "ह्या काकू गातायत, रेडिओवर. त्यांचंच गानं हाय."

पोलिसाने आत पाहिलं. आईंनी त्याला हात जोडले. आईंना असे हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते बघवलं नाही. पोलीस घुटमळला, मागे बघितलं, मागे गाड्यांची रांग पार वळणापर्यंत गेली होती. "मावशी, मला बोलणी बसतील हो," तो म्हणाला. "पुढे जाऊन थांबा ना कुठेतरी."

पूल उतरलो आणि आवाज गेला. कमी कमी होत गेला नाही, मध्येच तुटला. कासारवाडीत डोक्यावर मेट्रो, शेजारी रेल्वेच्या तारा. पडद्यावर आईंचं नाव मात्र तसंच राहिलं. खाली रागाचं नाव. सिग्नल गेला तरी शेवटी आलेली अक्षरं काही वेळ टिकतात, त्या युनिटमध्ये तशी सोयच आहे. आई त्या नावाकडे बघत ताल धरून बसल्या होत्या. मी मागून हात पुढे करून पडद्यावर इथे तिथे दाबत राहिले, पुन्हा शोध, पुन्हा जोड. बटणं सगळी मला पाठ होती, एकाचाही उपयोग होत नव्हता.

भाई घामाघूम झाले होते. लांबून वळसा घालून त्यांनी गाडी पुन्हा पुलाच्या दिशेला आणली. या वेळी ते अगदी सावकाश, बैलगाडीच्या चालीने पूल चढले, हॉर्न वाजत राहिले, त्यांनी लक्ष दिलं नाही. आवाज परत आला. आई अजून सुरुवातीच्या संथ विलंबितातच होत्या. मांडीवरचा आईंचा हात थांबला. त्यांना वाटलं होतं, गाणं एव्हाना कुठच्या कुठे गेलं असेल.

"इतकी सावकाश गायले होते मी?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "घाई नव्हती की गं केली."

तेवढंच ऐकायला मिळालं. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिसऱ्यांदा वळून येईतो पुढच्या कुणाची बासरी लागली होती.

परत येताना भाई सारखं म्हणत होते, "काकू, माफ करा. गाडी कमी पडली आपली." आई त्यांच्या हातावर थोपटत राहिल्या. बोलायला लागलं की त्यांना खोकला येतो, म्हणून बोलल्या नाहीत.

माझ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग झालं होतं. त्यात हॉर्न, पोलिसाचा आवाज, भाईंचा आवाज आणि मध्ये मध्ये लांबून आई. त्या संध्याकाळी आईंनी ते इयरफोन लावून एकदा ऐकलं. मग इयरफोन काढून गुंडाळून मला दिला आणि पोळ्या लाटायला गेल्या.

सोमवारी मी रेडिओला फोन केला. अधिकाऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "कॉपी देण्याचा अधिकार मला नाही, बाई. अर्ज करा, पण आतापर्यंत कुणाला मिळालेली मी पाहिली नाही." मग म्हणाले, "तुम्ही पुलावर का होईना, ऐकलंत. माझ्या घरी डिजिटल सेट नाही. मी लावतो ते कार्यक्रम मलाही ऐकू येत नाहीत." मी अर्ज केला. उत्तर आलं की तशी तरतूद नाही. त्यांच्यावर चिडावं असंही काही त्यांनी केलं नव्हतं. भाईंनी, पोलिसाने, मांडवातल्या पोराने, माझ्या सुपरवायझरने, कुणीच काही वाईट केलं नव्हतं. चिडायला कुणी असतं तर बरं झालं असतं, असं मला फार वाटायचं.

ऑनलाइन मागवलेला सेट आला. खिडकीच्या जाळीला टेकवून ठेवला की कधी लागतो, कधी नाही. लागला की आई ऐकतात. दुसरे गात असतात.

या उन्हाळ्यात मी स्वयंपाकघरात होते, आईंचा फोन वाजला. नाव बघून त्यांनी स्वतःच उचलला. पलीकडून मोठ्याने आवाज येत होता, "हॅलो? बाई? हॅलो, आवाज येत नाही तुमचा. रेंज नाही वाटतं." आई काहीतरी सांगत होत्या. "हॅलो? मी पुन्हा करू का?" मी हात पुसत बाहेर आले. आईंनी फोन माझ्यासमोर धरला.

रेडिओचे तेच अधिकारी होते. नव्या रेकॉर्डिंगची तारीख द्यायची होती. आईंनी त्यांना ऑपरेशनबद्दल कधी सांगितलं नव्हतं आणि मीही, त्या मागच्या फोनवर, ते सांगू शकले नव्हते. आई माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, "आई आता गात नाहीत."

"का? तब्येत?"

"हो. आवाज गेला त्यांचा. ऑपरेशनमध्ये."

ते म्हणाले, "म्हणजे तो जौनपुरी शेवटचा..."

"हो."

आईंनी माझा दंड धरला आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "विचार ना त्यांना. पुन्हा लावतील का ते गाणं कधी?"

मी विचारलं.

"बघतो," ते म्हणाले. "नक्की बघतो. पण दिवस कुठला असेल ते मला नाही सांगता येणार, बाई. वरून ठरतं."

मी ते आईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खिडकीशी जाऊन सेट जाळीला जरा उजवीकडे टेकवून पाहिला, मग जरा डावीकडे.